पोटाचा आठवडा

४ मार्च

ती. ताईस,

नमस्कार. खुशाली विचारत नाही. कालच फोनवर विचारली होती आणि तू नेहमीसारखी "मला काय धाड भरलीये" म्हणून मोकळी झालीस.

पत्रच लिही हा तुझा हट्ट. फोनवर मी हसून वेळ मारून नेते, कागदावर मला ते जमत नाही, असं तुझं म्हणणं. शिवाय डायलिसिसच्या मशिनवर तासन् तास पडून असताना एका हाताने फोन धरून तुझा हात भरून येतो, कागद मात्र छातीवर ठेवून वाचता येतो. तर घे. अक्षर लागलं नाही तर भावोजींकडून वाचून घे, पण त्यांनी मध्ये स्वतःच्या पदरचं काही घालू नये एवढं त्यांना सांग.

मी सुखरूप पोचले. वसतिगृह शाळेच्या मागच्याच गल्लीत आहे. खोली एवढी लहान की एकीने कपाट उघडलं तर दुसरीने पलंगावर पाय वर घेऊन बसायचं. खिडकीतून एका सायकल दुरुस्तीच्या दुकानाचं मागचं दार दिसतं, दिवसभर कुणीतरी चाकात हवा भरत असतं. जेवायला उकडलेलं काहीतरी असतं. काय असतं ते मी विचारत नाही, मीठ घालून गिळते.

खोलीत आम्ही दोघी. ती पूर्वी सुईण होती, म्हणून मी तिला सुईणबाई म्हणते. आधी मनातल्या मनात म्हणायचे, मग शब्दाचा अर्थ सांगितला तर तिला तो एवढा आवडला की आता हाक मारली तर ओ देते. तिची भाषा मला येत नाही, माझी तिला येत नाही, आणि मधली जी तिसरी भाषा आहे ती दोघींनाही मोडकीतोडकीच येते. त्यामुळे आमचं अजून भांडण झालेलं नाही.

मी इथे काय शिकायला आले आहे ते आईला नीट समजलेलं दिसत नाही. शेजारच्या काकू फोनवर मला विचारत होत्या, "फोटोग्राफी शिकतेस म्हणे." आईला परत एकदा सांग, मी जी सोनोग्राफी इतकी वर्षं करते तीच करते. आमच्या दवाखान्याने नवं मशिन घेतलंय, त्यात रक्त कुठून कुठे आणि किती जोरात वाहतंय ते रंगात दिसतं. ते वाचायला शिकायचं. लोक वर्षभर शिकतात ते आम्हाला तीन आठवड्यांत पाजणार आहेत.

इथली पद्धत मजेशीर आहे. पेशंट नाहीत. आम्हीच एकमेकांचे पेशंट. दहा-बारा अनोळखी लोक, कुणी कुठला, कुणी कुठला, आणि पहिल्या दिवशी मास्तरांनी जोड्या लावून दिल्या. जोडी शेवटपर्यंत बदलायची नाही. एकाने खाटेवर आडवं व्हायचं, दुसऱ्याने जेल लावून प्रोब फिरवायचा, मग उलट. नाव नीट पाठ व्हायच्या आधी समोरच्याच्या मानेतल्या रक्तवाहिन्या पाठ होतात. लष्करातून निवृत्त झालेले एक डॉक्टर आहेत, भारदस्त मिशांचे, आणि त्यांना मानेला गुदगुल्या होतात. सगळा वर्ग खोळंबतो. माझी जोडी अर्थात सुईणबाईशी. हा आठवडा मान, हात आणि पाय यांचा, मग पोटाचा आठवडा. त्याची सगळ्यांनाच धास्ती, कारण सकाळी उपाशी यायचं.

सुईणबाई काम करताना गुणगुणते. मी गप्प असते. पेशंटला वाटतं, ही बाई गप्प आहे म्हणजे नक्की काहीतरी सापडलं. आहे नेमकं उलट. सगळं ठीक असलं की आम्ही गप्प. काही दिसलं की बोलायला लागतो, घरी कोण कोण असतं, मुलं कितवीत आहेत, आज उकाडा किती आहे. हात थांबू द्यायचा नाही आणि चेहरा हलू द्यायचा नाही. हे तुला सांगायला नको होतं, आता माझ्या टेबलावर येशील तेव्हा पंचाईत होईल.

टेबलावरून आठवलं. परत आल्यावर माझी तेवढी सोनोग्राफी आणि सीटी उरली आहे. भावोजींचा जुळला नव्हता तो रक्तगट माझा जुळला, बाकीचं रक्ताचं सगळं जुळलं. सोनोग्राफी काय, आपल्याच खात्याची, चहाच्या सुट्टीत उरकेल म्हणून मागे ठेवली होती. ती झाली की ऑपरेशनची तारीख घ्यायची आणि माझी एक किडनी तुझ्याकडे नांदायला पाठवायची. तुला हो म्हणवायला माझं वर्ष गेलंय, आता टाळाटाळ चालणार नाही. परक्या माणसाचं काही अंगात नको म्हणून अवयवदानाच्या प्रतीक्षायादीत नाव घालत नाहीस, आणि सख्ख्या बहिणीचं घ्यायला जीव होत नाही. अशी बाई मी दुसरी पाहिली नाही.

भावोजींना नमस्कार. आईने गुडघ्याचा पट्टा लावला का ते बघ.

तुझी,
पुन्हा शाळेत बसलेली
बडबडी

&nbsp;

१० मार्च

ती. ताई,

नमस्कार. तू कशी आहेस? काल मशिन नीट झालं का? पायाला सूज आहे का अजून? भावोजी रात्री पाणी मोजून देतात ना? आणि त्यांच्या पाठीचं काय झालं? आईचा पट्टा? गॅलरीतला तो वेल वाळत चालला होता, त्याला पालवी फुटली का?

इथे सगळं छान. हवा चांगली आहे, जरा गार आहे पण सोसवते. तू दिलेली शाल रोज वापरते. सायकलवाल्याच्या दुकानात आता रंगवायचं काम निघालंय, दिवसभर त्याचा वास येतो. काल त्याने एक मोडकी सायकल एवढी चकाचक करून दाराशी ठेवली की आम्ही दोघी खिडकीतून बघतच राहिलो.

मिशीवाले डॉक्टर आता गुदगुल्यांना सरावले. जेवणात काल पहिल्यांदा काहीतरी तळलेलं होतं. लोकांनी रांग लावली. मी फारसं घेतलं नाही, भूक नव्हती.

पोटाचा आठवडा सुरू आहे. सगळे सकाळी उपाशी आणि चिडचिडे असतात. मूत्राशय भरलेलं लागतं म्हणून पाणी ढोसून बसायचं आणि मग आपला नंबर येईपर्यंत पाय आवळून वाट बघायची. एका बाईंना काल अर्ध्यातून पळावं लागलं. बाकी विशेष काही नाही.

हो, एक सहज सुचलं म्हणून लिहिते. तुझे डॉक्टर त्या यादीबद्दल म्हणाले होते ना, नाव घालून ठेवायला काय हरकत आहे? नुसतं नाव. माझं तर आहेच. पण जगाचं काही सांगता येत नाही, मला उद्या सर्दी झाली तर तेवढ्याने तारीख पुढे जायची. भावोजींना सांग, एक चक्कर टाकून फॉर्म भरून या म्हणावं. सहज आपलं.

मुलाची परीक्षा कधी आहे? त्याला म्हणावं, मावशी इथे रोज उपाशीपोटी अभ्यास करते, त्याने निदान पोटभर खाऊन तरी करावा.

आई शेजारी बसून ऐकत असेल तर तिला नमस्कार सांग. नसेल तरी सांग.

तुझी,
बडबडी

&nbsp;

१५ मार्च

ताई,

तू परवा फोनवर म्हणालीस, "पत्र मिळालं. दोन पानांत मला नऊ प्रश्न विचारलेस. काय दिसलंय ते सांग." मी म्हटलं लाइन नीट नाही आणि फोन ठेवला. लाइन अगदी स्वच्छ होती. तुला ते कळलंच असणार, म्हणून तू पुन्हा फोन केला नाहीस. त्याबद्दल तुझे उपकार मानते.

हे पत्र वाचताना भावोजी शेजारी असू देत. आई नको.

पोटाच्या आठवड्यात अगदी सुरुवातीलाच, सकाळी, आडवं व्हायची पाळी माझी होती. खोलीत पडदे ओढलेले असतात, प्रत्येक खाटेपाशी फक्त मशिनचा उजेड. सुईणबाईचं गुणगुणणं चालू होतं. लिव्हर झालं, पित्ताशय झालं. ती उजव्या किडनीवर आली आणि गुणगुणणं थांबलं. मला वाटलं तिला कोन सापडत नाही. मी कूस जरा वळवून दिली. मग तिने विचारलं, "तुझी बहीण. ती मोठी, की तू?"

तिला माहीत होतं ताई. पहिल्याच दिवशी मी तिला तुझा फोटो दाखवला होता आणि हिला मी किडनी देणार आहे म्हणून मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं.

मी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तो चेहरा मी ओळखते. इतकी वर्षं मीच तो लावून बसते. मी म्हटलं, "ती मोठी. मास्तरांना बोलव." कारण इथला नियमच तसा आहे, सरावात काही वेगळं दिसलं तर जोडीदाराशी बोलायचं नाही, मास्तरांना हात करायचा.

मास्तर आले. त्यांनी प्रोब हातात घेतला आणि आधी मशिनचा पडदा माझ्यापासून पलीकडे वळवला. मी म्हटलं, "सर, इकडे वळवा. मी हेच काम करते." त्यांनी वळवला.

किडनीच्या वरच्या टोकाला गाठ आहे. लिंबाएवढी. त्यांनी रंग चालू केला तेव्हा तिच्या कडेकडेने रक्त धावताना दिसलं. अशी गाठ मी दुसऱ्यांच्या पोटात पाहिलेली आहे, मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. मी उठले, पोट पुसलं, आणि पुढची पाळी माझी होती म्हणून सुईणबाईला झोपवून तिचं पोट बघायला बसले. माझा हात जरासुद्धा हलला नाही. ती मात्र हुंदके देत होती, आणि रडणाऱ्या माणसाच्या पोटात धड काही दिसत नाही, म्हणून मास्तरांनी आम्हा दोघींना बाहेर पाठवलं.

नंतर इथल्याच हॉस्पिटलात सीटी काढला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बहुतेक कॅन्सरच आहे, पण किडनीच्या बाहेर गेलेला दिसत नाही. ऑपरेशन लवकर करून घ्या. जमलं तर तेवढा भाग काढतील, नाही तर सगळी किडनी. अशा वेळी सापडलेली गाठ काढली की बहुतेक लोक पुढे चांगले जगतात. मी दोनदा विचारलं, दोन्ही वेळा त्यांनी तेच सांगितलं.

लिहून झालं बघ.

म्हणजे माझी किडनी तुला मिळणार नाही. ही नाहीच, आणि दुसरीही नाही, कारण आता माझी सगळी भिस्त तिच्यावर. इतकी वर्षं त्या खोलीत बसते, मशिन हाताशी असतं, रिकामा वेळ असतो, आणि एकदाही ते स्वतःच्या पोटाला लावावंसं वाटलं नाही. तुझ्यासाठी करायची वेळ आली तरी आपल्याच खात्याची म्हणून सगळ्यात शेवटी ठेवली. कुठल्याही दुसऱ्या माणसाने पहिल्या फटक्यात करून टाकली असती. ही चूक फक्त आमच्यासारखेच करू शकतात.

सुईणबाईशी मी दोन दिवस बोलले नाही. त्या एवढ्याशा खोलीत, पाय वर घेऊन. तिने काही केलं नव्हतं, तरी तिचं तोंड बघवत नव्हतं. ती माझ्यासाठी जेवणाचं ताट झाकून आणायची आणि खिडकीपाशी ठेवून बाहेर निघून जायची. तिसऱ्या दिवशी मी तिला म्हटलं, "बस. इथेच जेव." तेव्हा ती म्हणाली, "मी नीट बघितलं नसतं तर बरं झालं असतं असं तुला वाटतं?" मी खरं ते सांगितलं. म्हटलं, पहिले दोन दिवस वाटत होतं.

काल मास्तर माझ्याकडे आले. फार अवघडलेले होते. म्हणाले, "विचारणं बरं नाही, पण वर्गातल्या बाकी कुणीच अशी गाठ प्रत्यक्ष पाहिलेली नाही. तुमची तयारी असेल तरच." मी हो म्हटलं. का म्हटलं मला माहीत नाही. बहुधा मी त्यांच्या जागी असते तर मीही विचारलं असतं.

मग एकेक जण आला. जेल लावायचं, प्रोब ठेवायचा, शोधायचं, सापडली की पडद्याकडे बघत राहायचं. प्रत्येक जण जाताना हळूच थँक्यू म्हणत होता. मिशीवाल्या डॉक्टरांना सापडेना. मी म्हटलं, "थोडं वर घ्या, मी श्वास धरते." मी श्वास धरला आणि त्यांना सापडली. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि गेले. ते लोक आठवड्याभरात आपापल्या गावी जातील आणि पुन्हा मला कधी दिसणार नाहीत. त्या सगळ्यांना माझ्या पोटात काय आहे ते ठाऊक आहे, आणि माझ्या घरात एकालाही नाही. खाटेवर पडल्या पडल्या मला त्याचीच लाज वाटली, म्हणून आज लिहायला बसले.

आता एक वाईट गोष्ट. तू हे वाचता वाचता मनात म्हणशीलच, मी वर्षभर नको नको करत बसले, तेव्हाच हो म्हटलं असतं तर हिच्या तपासण्या तेव्हाच झाल्या असत्या. हा विचार तुझ्याआधी माझ्या डोक्यात आला. आणि मी तुझ्यावर मनापासून चिडले. गेल्या आठवड्यात तू फोनवर "नीट जेव गं" म्हणालीस आणि मी तुटक बोलले, ते त्यामुळे. गाठ तेव्हा होती की नव्हती हे कुणालाच सांगता यायचं नाही, डॉक्टरीणबाईंनाही नाही. ते माहीत असूनही राग आला. आता बराच ओसरलाय. सगळा ओसरलाय असं म्हणणार नाही. तू त्यावर माझी माफी मागत बसू नकोस, त्याने मला आणखी चीड येईल.

तू काय करशील ते मला आत्ताच दिसतंय. म्हणशील, माझं राहू दे, आधी तुझं बघू. आणि त्या मशिनला लागून पडून राहशील, वर्ष जाईल, दोन जातील, आणि तू मनात म्हणशील, बरं झालं, कुणाचं घ्यावं लागलं नाही. तसं मी होऊ देणार नाही. यादीत नाव घाल. मागच्या पत्रात सहज म्हणून लिहिलं होतं, आता सहज नाही. परक्याचं नको म्हणतेस, त्याच्या घरचे रडत असताना आपण कसं घ्यायचं म्हणतेस. मला ते समजत होतं. पण माझी गाठ परकीने शोधली, आणि रडली तीही माझ्यासाठीच. घरातल्यांनीच सगळं करायचं असं तू आणि मी धरून बसलो होतो. आता घरात द्यायला कुणी उरलं नाही ताई. भावोजींना उद्याच पाठव. मी घरी येईन तेव्हा फॉर्म भरलेला असला पाहिजे, नाही तर मी माझ्या ऑपरेशनची तारीख घेणार नाही. ही धमकी आहे असं समज.

कोर्स मी पुरा करणार आहे. इथे नुसती खोलीत बसून काय करू? सुईणबाई म्हणाली, शेवटच्या परीक्षेला मी तुझीच जोडीदारीण. परीक्षेत मास्तर विचारतील तो जोडीदाराचा अवयव मशिनवर काढून दाखवायचा असतो. माझी उजवी किडनी ते विचारणार नाहीत, एवढे ते चांगले आहेत.

बावीस तारखेला सकाळी मी उतरते. दर वेळी मी बजावते, कुणी न्यायला येऊ नका, मी टॅक्सी करून येते. या वेळी तू ये. त्या दिवशी तुझं मशिन असतं हे मला माहीत आहे. एक दिवस अलीकडे घेता येईल का ते डॉक्टरांना विचार. भावोजींना गाडीतच थांबू दे, आईला आणू नकोस. तिला कुणी आणि कसं सांगायचं ते आपण दोघी वाटेत ठरवू.

इथे मी एकदाही रडले नाही. सगळे म्हणाले, काय धीराची बाई आहे. धीर कसला, रडायला जवळचं कुणी लागतं. तुझ्यासमोरही मी वर्षभर फक्त हसतच आले, कारण आजारी तू होतीस आणि देणारी मी होते. आता माझ्याकडे द्यायला काही नाही, आणि मी फार घाबरले आहे.

बाहेर यायच्या दाराशीच उभी राहा. मला शोधायला लावू नकोस.

तुझी
धाकटी